हिवाळ्यासाठी चित्रांची भिंत: जुन्या फ्रेम, घरची चित्रं आणि ती पेलणारी चार साधनं

आधी निकाल सांगून टाकू. थंडीचे तीन-चार महिने लावायची आणि मग बदलायची अशी चित्रांची भिंत असेल, तर छतालगतची रेल सगळ्यांत उजवी. तिच्या खालोखाल चित्रफळी, मग स्क्रू आणि गिट्टी (भिंतीच्या भोकात बसवायचा प्लग), आणि शेवटी नंतर काढता येणाऱ्या चिकटपट्ट्या. चिकटपट्टीचा सगळा धंदा 'भिंतीला भोक नको' या एका वाक्यावर चालतो. वाक्य खरं आहे, पण तिच्या डिंकाला जी ऊब लागते ती थंडीत बाहेरच्या भिंतीवर नसते. अगदी हलक्या फ्रेमसाठी हा क्रम थोडा बदलतो, ते पुढे येईलच.

साधनाआधी माल बघावा लागतो. जुन्या बाजारातली फ्रेम आणि घरातलं चित्र या दोन्ही गोष्टी दुकानातल्या तयार फ्रेमसारख्या मापात आणि वजनात बसत नाहीत. एकाच भिंतीवर दोनशे ग्रॅमचा फोटो आणि सहा किलोची काचेची फ्रेम शेजारीशेजारी येते, आणि गडबड तिथेच होते.

जुनी फ्रेम पालथी करून घ्या

जुनी फ्रेम घेताना नजर नक्षीवर आणि मुलाम्यावर जाते. ती घ्यायची की नाही हे मात्र तिची पाठ बघून ठरवावं. कोपऱ्यांचे तिरके सांधे चारही ठिकाणी बंद आहेत का पाहा. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून हलकेच पिळा. कुरकुर ऐकू आली किंवा सांध्यात फट उघडली तर आतला सरस मेलेला आहे. दुरुस्ती अवघड नाही: सांधा पूर्ण उघडायचा, जुना सरस खरवडून लाकूड उघडं करायचं, लाकडाचा पांढरा गोंद लावायचा आणि पट्ट्याच्या क्लॅम्पने चोवीस तास आवळून ठेवायचं. फटीत वरून गोंद ओतण्याचा शॉर्टकट टिकत नाही, कारण जुन्या सरसाचा थर नव्या गोंदाला लाकडापर्यंत पोचू देत नाही.

हिवाळ्यात हा दोष हमखास उघडा पडतो. हीटर किंवा शेकोटीने गरम केलेल्या खोलीत हवा कोरडी होते, आणि लाकूड लांबीत नाही तर रुंदीत आकसतं. त्यामुळे सांध्याची फट काचेकडच्या आतल्या टोकाला उघडते. फट बाहेरच्या टोकाला असेल तर ती फ्रेम दमट जागेत पडून होती असं समजायला हरकत नाही. पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी. चार बोटं रुंदीच्या फ्रेमला रेषाभर फट दिसली तर तिच्यामागे लागू नका. पावसाळी दमटपणा आला की ती बरीचशी मिटते. तेवढ्यात फटीत लांबी (पुट्टी) भरून ठेवलीत तर फुगलेल्या लाकडाला जागाच उरत नाही आणि सांधा दुसऱ्या टोकाला उचकटतो.

मग कीड. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा ही भुंगेऱ्याची खूण. भोकं जुनी असू शकतात, म्हणून फ्रेम काळ्या कागदावर ठेवून भुसा पडतो का पाहायची रीत आहे. थंडीत मात्र या परीक्षेवर विसंबू नये. भुंगेरे बाहेर पडतात ते उबदार महिन्यांत, आणि तोवर अळी आत निवांत पोखरत असते. संशय असेल तर काच आणि चित्र काढून रिकामी फ्रेम पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. खडूच्या लेपावर मुलामा दिलेल्या फ्रेमला हा उपाय करू नका, लेप तडकू शकतो.

रंगवलेली फार जुनी फ्रेम असेल तर रंग घासून काढायचा मोह आवरा. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते, आणि सॅंडपेपर मारला की ते धुळीतून थेट फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा आणि जुना रंग राहू द्या. भिंतीवर तो नव्यापेक्षा चांगलाच दिसतो.

पाठीमागचा पुठ्ठा किंवा लाकडी फळी मात्र न बघता टाकून द्या. लाकडाच्या गाठीचा तपकिरी डाग कागदावर उमटतो, आणि पन्हाळी पुठ्ठ्याच्या तर अख्ख्या रेघा चित्राच्या पाठीवर येतात. जुना माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, उचलून त्याच्या तिरक्या कापाकडे बघा. आतला गाभा पिवळा-तपकिरी झालेला असेल आणि चित्रावर खिडकीच्या कडेने तशीच एक बारीक तपकिरी रेघ उमटलेली असेल, तर तो आम्लयुक्त पुठ्ठा आहे. ती रेघ पुसून जात नाही. माउंट बदलला की ती निदान वाढत तरी नाही. नवा माउंट आम्लमुक्त घ्या. साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पुरतो.

काच आणि पाठ जिच्यात बसतात त्या फ्रेमच्या मागच्या खाचेची खोली मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. काच २ मिमी, माउंट १.५, चित्राच्या मागचा कागदी बोर्ड १.५ आणि पाठीची हार्डबोर्ड ३, म्हणजे ८ मिमी झाले. फोटोसाठी बनवलेल्या जुन्या फ्रेमची खाच पुष्कळदा याहून उथळ असते. मग पाठ बाहेर येते आणि लोक खिळे वाकवून ती कशीबशी दाबतात. त्याऐवजी मागून चारही बाजूंनी लाकडाची बारीक पट्टी ठोकून खाच वाढवा.

वजनाचा हिशेब काचेवरूनच करायचा. २ मिमी काच दर चौरस मीटरला ५ किलो भरते. ५० गुणिले ७० सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये नुसती काच पावणेदोन किलो होते. तेवढ्याच मापाचं ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक) त्याच्या निम्म्याहून कमी. मोठ्या फ्रेमला ॲक्रिलिक उत्तम, मात्र कोळसा, खडू किंवा पेस्टलच्या चित्रावर ते लावू नका. त्याची स्थिर वीज रंगाची भुकटी वर ओढून घेते. ॲक्रिलिक पुसायला अमोनियाचं क्लीनर चालत नाही, धुरकट होतं. काचेलाही क्लीनर थेट फवारू नये. तो खाली ओघळून खाचेत शिरतो आणि माउंटला डाग पाडतो. फडक्यावर घ्या, मग पुसा.

घरची चित्रं

मुलांची चित्रं भिंतीवर हवीतच, पण स्केचपेनचा रंग उजेडात फार लवकर उडतो. मूळ चित्र स्कॅन करून कपाटात ठेवा आणि भिंतीवर प्रिंट लावा. छापायच्या मापाला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) धरा. ए-४ साठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. ए-४ चित्र दुप्पट मोठं छापायचं असेल तर स्कॅनच ६०० वर करायचं, नंतर ताणून उपयोग नसतो. शाई पिगमेंटची असेल तर प्रिंट जास्त टिकते. मेणखडूचं मूळ चित्र लावायचंच असेल तर ते काचेला टेकता कामा नये, ऊब लागली की मेण काचेवर उतरतं. फोटोचंही तसंच: ओलसर हवेत फोटोचा चकचकीत थर काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. माउंट ही मुळात त्यासाठीच असते, शोभा नंतरची.

चित्र माउंटला सेलोटेपने चिकटवणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. फोटोला कागदी कोपरे लावा. जलरंगाला वरच्या कडेला दोनच ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. फक्त वरच्या कडेला यासाठी की हवा कोरडी-ओली होताना कागद लहानमोठा होतो. चारही कडा बांधल्या तर तो मधे फुगतो. भरतकाम असेल तर डिंकाला हातही लावू नका. बोर्डवर धुतलेलं सुती कापड ताणून त्यावर बारीक टाक्यांनी शिवा.

फ्रेम चार तऱ्हेच्या असल्या की भिंत विस्कळीत दिसते अशी तक्रार असते. फ्रेम रंगवून एकसारख्या करण्यापेक्षा सगळीकडे माउंट एका रंगाचा ठेवा, तेवढ्यावर भिंत जुळून येते. ए-४ चित्र ४० गुणिले ५० च्या फ्रेममध्ये घालताना खिडकी २०.४ गुणिले २९.१ ची कापा, म्हणजे चित्र चारही बाजूंनी तीन मिलिमीटर झाकलं जातं. बाजूला ९.८, वर १० आणि खाली १०.९ सेंटिमीटर उरतात. खालची कड किंचित मोठी हवी; चारही बरोबर असल्या तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं.

शाल, गोधडी किंवा विणलेलं कापड हिवाळ्यात भिंतीवर शोभतं आणि खोलीतला घुमाही कमी करतं. त्याला खिळे मारू नका. पाठीमागे वरच्या कडेला कापडाची नळी हाताने शिवून तीत दांडी घाला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. लोकर असेल तर महिन्यातून एकदा उतरवून पाठ झटका. कसर आणि कीड अंधाऱ्या बाजूलाच बसते.

चार साधनं

चिकटपट्ट्या. मोठ्या मापाच्या चार जोड्यांवर साधारण ७ किलो असा दावा असतो. गुळगुळीत, पक्क्या रंगाच्या, खोलीइतक्या उबदार भिंतीवर तो धरून चालता येतो. पाकिटावरच्या बारीक अक्षरांत १० ते ४० अंशांची मर्यादा दिलेली असते. ती हवेची नव्हे, भिंतीची धरा. बाहेरची भिंत खोलीच्या हवेपेक्षा कितीतरी गार असते, आणि गार डिंक कडक होऊन रंगाच्या खळग्यांत उतरत नाही. चुना किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर पट्टी लावूच नये. ओल धरलेल्या भिंतीवर तर पडलेली पट्टी उलटून पाहिली की डिंक शाबूत असतो आणि त्याला रंगाचा पोपडा चिकटलेला असतो. पट्टीने आपलं काम केलेलं असतं, भिंतीने साथ सोडलेली असते. लावायचीच असेल तर आतल्या भिंतीवर, नवा रंग दिल्यापासून किमान आठवड्याने. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिंत पुसा. घरगुती क्लीनर नको, त्याचा तवंग राहतो. पट्टी तीस सेकंद दाबा, फ्रेम काढून घ्या, एक तास जाऊ द्या आणि मग लावा. हा तास कुणी पाळत नाही, आणि फ्रेम पडण्याचं कारण बहुधा तेच निघतं. काढताना पट्टीची खाली सुटलेली शेपटी भिंतीला समांतर, सावकाश खाली ओढा. थंड खोलीत पट्टी मधेच तुटते, म्हणून आधी खोली उबदार होऊ द्या. एक किलोच्या आतल्या, काच नसलेल्या फ्रेमसाठी पट्टी ठीक. जुन्या काचेच्या फ्रेमसाठी नाही.

स्क्रू आणि गिट्टी. बांधकाम विटांचं किंवा काँक्रीटचं असेल तर ६ मिमी बिट, ६ मिमी गिट्टी आणि ४ मिमी जाड, ५० मिमी लांब स्क्रू ही जोडी घरातल्या जवळजवळ सगळ्या फ्रेम पेलते. अडचण गिलाव्याची असते. वरचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर गिलावा भार घेत नाही. गिट्टी त्यातच अडकून राहिली तर पहिल्याच ओढीला मऊ भुग्यासकट बाहेर येते. भोक ५५ मिमी खोल करा, आतली धूळ फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढा आणि गिट्टी विटेपर्यंत आत ढकला. स्विचच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तार तिथूनच जाते. जिप्सम बोर्डच्या पोकळ भिंतीला ही गिट्टी चालत नाही. तिथे तिरप्या खिळ्याचे हूक, आणि जड फ्रेमसाठी आतला आडवा-उभा सांगाडा शोधणं. या पद्धतीचा दोष एकच: मांडणी बदलली की भोकं उरतात. दर हिवाळ्याला भिंत बदलणाऱ्याला ती काही वर्षांत लांबीच्या ठिपक्यांनी भरलेली सापडते.

चित्रफळी. सुमारे दहा सेंटिमीटर खोल, पुढे दीड-दोन सेंटिमीटरची कड. फ्रेम नुसत्या टेकवायच्या, एकापुढे एक सरकवायच्या, हवं तेव्हा बदलायच्या. कोणती फ्रेम कुठे शोभेल हे ठरत नसेल तर हीच घ्या. उंच फ्रेम फार उभी टेकवली तर दार आपटल्यावर पुढे येते, म्हणून तळ भिंतीपासून पाच-सहा सेंटिमीटर पुढे आणि खाली सिलिकॉनचे दोन ठिपके. पलंगाच्या डोक्यावर फळी लावू नका. पुढची कड माउंटची खालची बाजू खाते, तेवढा जास्तीचा समास आधीच धरावा.

रेल. छताला लागून ॲल्युमिनियमची पट्टी, तीत सरकणाऱ्या दोऱ्या, दोरीवर हवा तिथे आवळायचा हूक. एकदा बसवली की पुन्हा भिंतीला हात लावायचा नाही; उंची दोरीवर, जागा रेलमध्ये बदलते. दोरी पारदर्शक नायलॉनची किंवा पोलादी तारेची मिळते. नायलॉन दिसत नाही पण वजनाने थोडा ताणतो, त्यामुळे लावल्यावर दोन-तीन दिवसांनी फ्रेम पुन्हा समपातळीत आणावी लागते. जड फ्रेमला पोलादीच घ्या. हुकावर एक भार छापलेला असतो, दोरीचा वेगळा आणि रेलचा दर मीटरमागे तिसरा. तिघांतला जो आधी संपतो तो खरा. रेलचे स्क्रू ३० ते ५० सेंटिमीटरवर हवेत. छताजवळ काँक्रीटची तुळई लागते, तिला हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. बसवण्याचा खर्च आणि मेहनत चौघांत सर्वांत जास्त, हे मान्य. रुंद फ्रेमला दोन दोऱ्या द्या, एकीवर ती गोल फिरते. रेलवरची फ्रेम वरून किंचित पुढे झुकते, याला काही जण नावं ठेवतात; पण त्याने काचेतली चमक कमी होते आणि मागे हवा खेळते. थंडीत हे झुकणं पथ्यावरच पडतं.

कुठे आणि किती उंच

खोलीतली दमट ऊब गार भिंतीला भेटते आणि फ्रेमच्या मागे, जिथे हवा हलत नाही, तिथे पाणी सुटतं. मग पाठीच्या कागदावर काळे ठिपके आणि कुबट वास. बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावायचीच असेल तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांना एक सेंटिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा. आतल्या भिंतीला तीन-चार मिलिमीटरचा फेल्ट पुरतो. वाफ येणाऱ्या खोलीशेजारच्या भिंतीवर कागदी चित्र नकोच.

हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन खिडकीतून खोलवर शिरतं आणि उन्हाळ्यात सावलीत असलेल्या समोरच्या भिंतीवर पोचतं. खिडकीच्याच भिंतीवर ऊन नसतं, पण ती बाहेरची म्हणून गार. दोन्ही टाळून खिडकीला काटकोनात असलेली आतली भिंत निवडा. जलरंग, स्केचपेन आणि भरतकाम तिथे. तैलचित्र आणि प्रिंट उरलेल्या जागी. हीटर किंवा शेकोटीच्या वर काहीच नको, कितीही शोभलं तरी.

उजेडासाठी २७०० ते ३००० केल्विनचा, रंगदर्शकांक (सीआरआय) ९० च्या वरचा एलईडी घ्या आणि तो उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांवर वळवा. संग्रहालयांत जलरंगांसाठी ५० लक्स धरतात, म्हणजे बराच मंद. घरात तेवढं काटेकोर कुणी राहत नाही, पण दिवा रात्रभर चालू ठेवू नये.

मांडणीचा मधला बिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ द्या. सोफ्यावर असेल तर पाठीच्या वर १५ ते २० सेंटिमीटर सोडा. दोन फ्रेममधलं अंतर ५ ते ७ सेंटिमीटर. हुकाची उंची काढायचं सूत्र: मध्याची उंची, अधिक फ्रेमची अर्धी उंची, उणे फ्रेमच्या पाठीमागच्या ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. मध्य १४८ वर, फ्रेम ५० उंच आणि तार वरून ६ वर असेल तर १४८ + २५ − ६, म्हणजे हूक १६७ सेंटिमीटरवर. तार मोजताना ती बोटाने वर ताणूनच मोजा, सैल मोजली की फ्रेम दोन सेंटिमीटर खाली येते. तारेच्या कड्या वरून एक-तृतीयांश उंचीवर, दोन्ही बाजूंना अगदी समान. जुन्या फ्रेमची सुतळी आणि गंजलेल्या कड्या ठेवू नका. सुतळी आतून कुजते, बाहेरून कळत नाही.

उतरवलेल्या फ्रेम आडव्या रचू नका. उभ्या, पाठीला पाठ आणि तोंडाला तोंड, मधे पुठ्ठा, जमिनीपासून चार बोटं वर आणि आतल्या भिंतीला टेकवून. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत राहिलेला दमटपणा तिथेच कोंडतो. जुनी सुती चादर पुरते. प्रत्येकीच्या पाठीवर शिसपेन्सिलीने वजन आणि हुकाचं माप लिहून ठेवा.